सोन्याची खाण, चांदीचे फोटो

आमच्या धामणगाव बढे या गावाच्या एका अंगाला जळगाव आहे आणि दुसऱ्या अंगाला खामगाव. जळगावचं सोनं नावाजलेलं, खामगावची चांदी. लग्नसराईत मोताळा तालुक्यातली माणसं पोत-पाटल्यांसाठी एका दिशेला जातात, ताट-वाटी-समईसाठी दुसऱ्या. पण या दोन्ही बाजारांतली गुंजभरही धातू इथल्या जमिनीतून निघालेली नाही. अजिंठ्याच्या डोंगरापासून लोणारच्या सरोवरापर्यंत आमच्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात कापूस येतो, मका येतो, विहिरीला कधी पाणी लागतं, कधी नाही. सोनं मात्र लागत नाही. त्याला फार जुना खडक हवा. असा खडक कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात आहे, सुमारे 270 कोटी वर्षांचा, उत्तर-दक्षिण पसरलेला चिंचोळा पट्टा. त्या पट्ट्यात एकशेवीस वर्षं खोदकाम झालं, 2001 साली ते थांबलं आणि जे उरलं त्याचे फोटो काढायला आज देशभरातून माणसं जातात. त्यातली काही अजून फिल्मचा कॅमेरा घेऊन जातात. मी त्यांपैकी एक.

‘केजीएफ’ म्हटलं की आता सिनेमा आठवतो. 2018 साली पहिला भाग आला, 2022 साली दुसरा, आणि कोलार गोल्ड फील्ड्स या गावाला कधी नव्हे तेवढी प्रसिद्धी मिळाली. सिनेमातली खाण आणि खरी खाण यांचा संबंध नावापुरता. खरी गोष्ट मायकेल फिट्झजेराल्ड लॅव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकापासून सुरू होते. न्यूझीलंडच्या माओरी युद्धात लढून तो बंगळूरला येऊन राहिला होता. 1802च्या सुमाराला जॉन वॉरन या लेफ्टनंटाने कोलारकडच्या सोन्याबद्दल नोंद केली होती. ती वाचून लॅव्हेलने बैलगाडीने तो भाग पालथा घातला, 1873 साली म्हैसूर संस्थानाकडे अर्ज केला आणि 1875 साली परवाना मिळवला. त्याच्याकडे चिकाटी होती, पैसा नव्हता. पैसा 1880 साली लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या कंपनीबरोबर आला. पुढची पंचाहत्तर वर्षं खाणी टेलरांच्या व्यवस्थापनाखाली होत्या. 1956 साली म्हैसूर सरकारने त्या ताब्यात घेतल्या, मग केंद्राकडे गेल्या, आणि 1972 साली भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी झाली. 28 फेब्रुवारी 2001 रोजी ती बंद पडली. तोवर सुमारे 800 टन सोनं निघालं होतं.

सोन्याच्या वजनापेक्षा मला खोली जास्त थक्क करते. चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेली होती. एवढ्या खाली खडकाचं तापमान साठ अंशांच्या वर असतं, म्हणजे हात टेकवला तर पोळणार. त्या उष्णतेत माणसं आठ-आठ तास काम करत, वरून थंड केलेली हवा खाली सोडावी लागे, आणि दाबाने कडा अचानक फुटून अपघात होत. जमिनीखालचे बोगदे एकाला एक जोडले तर हजार किलोमीटरच्या वर भरतील. यातलं काहीही आज दिसत नाही. पंप बंद झाल्यावर शाफ्ट पाण्याने भरले. म्हणजे केजीएफचे अवशेष टिपायला गेलेल्या माणसाला खरे अवशेष कधीच दिसत नाहीत. त्याला दिसतं ते फक्त वरचं झाकण.

या झाकणात काय काय आहे? शाफ्टच्या तोंडावर उभे असलेले लोखंडी मनोरे, ज्यांना तिथे सगळे ‘हेडगिअर’च म्हणतात. त्यांच्या माथ्यावर भली मोठी चाकं, ज्यांवरून दोरखंड फिरायचा आणि पिंजरा खालीवर व्हायचा. बाजूला वाइंडिंग इंजिनच्या दगडी इमारती. साहेबांचे बंगले, क्लब, चर्चं. कामगारांच्या ‘लाइनी’, म्हणजे एकाला एक लागून बसक्या खोल्यांच्या रांगा. विजेचे जुने खांब. ही वीज प्रकरणच आहे: कावेरीवरच्या शिवनसमुद्रमला वीज तयार करून दीडशेएक किलोमीटर लांबीच्या तारांनी ती 1902 साली इथे आणली, बंगळूरला मिळण्याच्या तीन वर्षं आधी. राजधानी अंधारात आणि खाण उजेडात, हा क्रम कोणी ठरवला असेल ते सांगायला नको.

आणि या सगळ्याच्या मागे करड्या वाळूचे डोंगर. नकाशात त्यांना टेलिंग डंप म्हणतात, गावात ‘सायनाइडचे डोंगर’. खडक दळून, त्यातलं सोनं काढून उरलेला हा चोथा. असे तेरा ढिगारे आहेत आणि त्यांत तीन कोटी टनांहून जास्त माल आहे. वारा सुटला की ही धूळ घराघरांत शिरते. पावसाने त्यांच्या उभ्या कडांवर खोल ओघळ पाडलेत. दुपारी त्यांच्याकडे पाहिलं तर सपाट, कंटाळवाणे वाटतात. सकाळी सातला तिरपं ऊन पडलं की प्रत्येक ओघळाला सावली येते आणि ढिगाऱ्याला अंग येतं.

इथे फिल्मवाल्याची पहिली परीक्षा असते. कॅमेऱ्याचा लाइट मीटर आंधळेपणाने एकच गोष्ट गृहीत धरतो, की समोरचं सगळं मध्यम करडं आहे. उजळ वाळूसमोर धरला की तो घाबरून छिद्र बारीक करायला सांगतो. त्याचं ऐकलं तर उन्हात न्हालेला ढिगारा फोटोत शाडूच्या चिखलासारखा मळकट येतो. म्हणून मीटर सांगेल त्याहून एक स्टॉप, कधी दीड स्टॉप जास्त उजेड द्यायचा. डिजिटलवर पडद्यात बघून दुरुस्ती करता येते. फिल्मवर निकाल घरी येऊन रोल धुतल्यावर कळतो, तोवर आपण हजार किलोमीटर लांब असतो. शिवाय 120च्या एका रोलवर चौरस फोटो बाराच येतात. रोल आज हजाराच्या घरात गेलाय, म्हणजे बटण एकदा दाबलं की ऐंशी-नव्वद रुपये गेले. आमच्याकडच्या माणसाला ढिगाऱ्यासमोर नुसतं उभं राहून बघायला लावायचं असेल तर याहून चांगला उपाय नाही.

माझा कॅमेरा जुना यशिका आहे, दोन भिंगांचा, वरून वाकून बघायचा. एका भिंगातून आपण बघतो, दुसऱ्यातून फिल्मवर उजेड जातो. वरच्या काचेवर चित्र सरळ दिसतं पण डावं-उजवं उलटं. मनोरा डावीकडे सरकवायचा असेल तर कॅमेरा मनाला पटणार नाही अशा बाजूला फिरवावा लागतो. एकेकाळी तालुक्याच्या गावांतल्या बहुतेक स्टुडिओंत असा एखादा डबा असायचाच, लग्नात फोटोग्राफर पोटाशी धरून फिरायचा तो. या कॅमेऱ्याचा अनपेक्षित फायदा केजीएफला कळतो. डोळ्याला लावायचा कॅमेरा पाहिला की लोक सावध होतात. मान खाली घालून डब्यात बघणाऱ्या माणसाजवळ मात्र म्हातारी माणसं आपणहून येऊन उभी राहतात, आणि ‘यात अजून रोल मिळतो का’ असं तमिळमध्ये विचारतात. खाणकामगार बहुतांश आजच्या तमिळनाडूतून आलेले, मोठ्या संख्येने दलित. केजीएफ कर्नाटकात असलं तरी लाइनीतली भाषा अजून तमिळ आहे. 2024 सालच्या ‘तंगलान’ या तमिळ सिनेमाने याच माणसांच्या पूर्वजांची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला.

मनोऱ्याचा फोटो ही दुसरी परीक्षा. गंजलेलं लोखंड तांबूस, मागचं आभाळ निळं. डोळ्याला दोन्ही छान वेगळे दिसतात. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर मात्र दोघांची करडी छटा जवळपास सारखी येते आणि एवढा उंच मनोरा आभाळात विरघळून जातो. उपाय म्हणजे भिंगावर लाल किंवा नारिंगी काच. लाल काच निळ्याला अडवते आणि तांबड्याला वाट देते, त्यामुळे आभाळ काळवंडतं आणि गंज उजळतो. पूर्वीच्या ऑर्थो फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे, त्यावर हाच गंज डांबरासारखा काळा आला असता. एकाच मनोऱ्याचे हे दोन फोटो शेजारी ठेवले तर बघणाऱ्याला एक नवाकोरा आणि एक जळका वाटेल. म्हणूनच ‘फिल्म खोटं बोलत नाही’ हे वाक्य फिल्मवाल्यांच्या तोंडून ऐकलं की मी विषय बदलतो.

खाणीचा बराच भाग प्रतिबंधित आहे. आत जायला परवानगी लागते, आणि ती नसेल तर जाऊही नये. जमीन कुठे पोकळ आहे ते वरून कळत नाही. त्यामुळे बरेच फोटो रस्त्यावरून, कुंपणाच्या बाहेरून, फार तर बंद इमारतीच्या खिडकीच्या गजांतून घ्यावे लागतात. गजांवर कॅमेरा टेकवून आतल्या अंधाराचा फोटो घ्यायचा तर आणखी एक भानगड. अंधारात फिल्म आळशी होते. मीटर दहा सेकंद म्हणाला तर एचपी-फाइव्ह या रोलला वीस द्यावे लागतात, तीस म्हणाला तर दीड मिनिटाच्या जवळ. एवढ्या वेळात आत काहीच हलत नाही, हे तेवढं बरं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सोन्याच्या खाणीचे फोटो फिल्मवरच का काढायचे? हौस म्हणून, हे उत्तर पुरेसं आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत खरंही आहे. पण खाण आणि फिल्म यांचं एक नातं आहे, जे मला तिथे गेल्याशिवाय उमगलं नव्हतं. दोघांचं रसायन एकाच घरचं आहे.

सायनाइडचंच बघा. दळलेल्या खडकातलं बारीक सोनं सायनाइडच्या पाण्यात विरघळवून काढायची रीत मॅकार्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी ग्लासगोत 1887 साली काढली. केजीएफचे डोंगर या रीतीची देणगी. पण त्याच्या कितीतरी आधी फोटोग्राफर सायनाइड वापरत होते. 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवर कोलोडियन लावून फोटो काढण्याची पद्धत जाहीर केली, आणि त्या काचा ‘फिक्स’ करायला, म्हणजे उजेड न लागलेली चांदी धुऊन काढायला, अनेक जण पोटॅशियम सायनाइड घेत. सायनाइड सोनं विरघळवतं तसंच चांदीचे क्षारही विरघळवतं. खाणीत जे काम टाकीत चालायचं तेच डार्करूममध्ये बशीत. पुढे फोटोवाल्यांनी हायपो पत्करला, कारण त्याने माणूस मरत नाही. गंमत म्हणजे पुढे सोन्याच्या उद्योगातही सायनाइडऐवजी हायपोच्याच जातीचा थायोसल्फेट वापरून सोनं काढलं गेलं; अमेरिकेतल्या नेवाडातल्या एका मोठ्या खाणीत गेल्या दशकात ते सुरू झालं.

खुद्द सोनंही फोटोत आहे. 1840 साली हिप्पोलित फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने दागेरोटाइप या सुरुवातीच्या फोटोंवर सोन्याच्या क्षाराचं पाणी देऊन ते टिकाऊ केले. एकोणिसाव्या शतकातले अल्ब्युमेन कागदावरचे फोटो, आपल्याकडे संस्थानिकांच्या वाड्यांत टांगलेले ते जांभळट तपकिरी फोटो, बहुतेक सोन्याच्या पाण्यातून काढलेले असतात. तो रंग सोन्याचाच. आणि 1936 साली जर्मनीत आग्फाच्या कारखान्यात रॉबर्ट कोस्लोव्स्कीला असं दिसलं की फिल्मच्या लेपात सोन्याच्या क्षाराचा अगदी लेशमात्र अंश घातला की तिची उजेड टिपायची ताकद एकदम वाढते. बराच काळ हे गुपित राहिलं. आज बाजारात मिळणाऱ्या वेगवान फिल्ममध्ये चांदी असते आणि चांदीच्या कणांवर सोन्याचा तो अंश असतो. म्हणजे खामगाव आणि जळगाव दोन्ही त्या रोलमध्ये आहेत.

आपल्या देशाने ही फिल्म स्वतः बनवायचाही प्रयत्न केला होता. उटीला 1960 साली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. 1967पासून तिथे ‘इंदू’ नावाने रोल, कागद आणि एक्स-रे फिल्म निघू लागली. हवा थंड आणि धूळ कमी म्हणून उटी निवडलं होतं. विदर्भातल्या स्टुडिओंनी आणि दवाखान्यांनी ‘इंदू’चे डबे भरपूर वापरले, जुन्या पासपोर्ट फोटोंमागे त्याच कागदाची छाप सापडते. नव्वदच्या दशकात कंपनी आजारी पडली आणि पुढे तीही बंद झाली. सोन्याची सरकारी खाण गेली, तिचे फोटो काढायची सरकारी फिल्मही गेली. आता आम्ही भारतातल्या खाणीचे फोटो इंग्लंडात बनलेल्या रोलवर काढतो. टेलर साहेबाला हसू आलं असतं.

या खाणीत जे फोटो घेतले गेले त्यांत माझ्या मते सगळ्यांत मोलाचे ना मनोऱ्याचे, ना ढिगाऱ्यांचे. ते जमिनीखाली दोन किलोमीटरवर घेतलेले आहेत आणि त्यांत एकही माणूस नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या, म्हणजे आपल्या टीआयएफआरमधल्या, शास्त्रज्ञांना होमी भाभांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला केजीएफला धाडलं. बी. व्ही. श्रीकांतन हे त्यांतले पहिले. विश्वकिरणांतले कण किती खोलवर पोहोचतात हे मोजायचं काम होतं. जसजसं खाली जावं तसतसे कण कमी होत गेले, आणि चॅम्पियन रीफमध्ये पुरेशा खोलीवर जवळजवळ सगळे संपले. इतकी शांत जागा मिळाल्यावर एक अवघड प्रश्न हाती घेता आला. न्यूट्रिनो नावाचा कण पृथ्वीतून आरपार जातो, सहसा कशालाच अडत नाही. वातावरणात तयार झालेला न्यूट्रिनो कधीतरी खडकात अडेल आणि त्यातून निघालेला दुसरा कण पकडता येईल का?

1964-65 साली एम. जी. के. मेनन यांच्या पुढाकाराने टीआयएफआर, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहम विद्यापीठ यांनी मिळून सुमारे 2300 मीटर खोलीवर यंत्रं मांडली. कण गेला की चमकणारे प्लास्टिकचे पडदे दोन बाजूंना, आणि मध्ये निऑन वायू भरलेल्या काचेच्या नळ्यांच्या थप्प्या. कण आरपार गेला की विजेचा झटका द्यायचा, मग ज्या नळ्यांतून तो गेला तेवढ्याच क्षणभर पेटायच्या, आणि त्या उजेडाच्या ठिपक्यांचा फोटो फिल्मवर घ्यायचा. काळ्या चौकटीत तिरकी ठिपक्यांची रांग, एवढंच त्या फोटोत दिसतं. पण ती रांग जवळजवळ आडवी असेल, तर तो कण वरून आलेला असूच शकत नाही. दोन किलोमीटर जाडीचं छप्पर वर, आणि बाजूने तर त्याहून कितीतरी जास्त खडक. मग तो न्यूट्रिनोनेच जन्माला घातलेला. 1965च्या ऑगस्टमध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गट हेच शोधत होता, त्यांचा निबंध काही दिवसांनीच आला. वातावरणातले न्यूट्रिनो माणसाने पहिल्यांदा पाहिले ते असे, दोन सोन्याच्या खाणींत. पुढे ऐंशीच्या दशकात प्रोटॉन फुटतो का हे पाहणारं मोठं यंत्रही इथेच बसवलं गेलं. खालच्या पातळ्या परवडेनाशा झाल्यावर तेही काम आवरावं लागलं.

केजीएफला गेलेले फोटोवाले हा भाग सहसा वगळतात, कारण तो दिसत नाही. दिसतं त्याच्यावर मात्र सगळे तुटून पडतात, आणि इथे मला एक तक्रार करायची आहे, माझ्यासकट सगळ्यांची. काळ्या-पांढऱ्या फिल्मला अवशेष फार आवडतात. गंज, भेगा, फुटक्या काचा, रिकामा रस्ता. चारशे आयएसओचे दाणे त्यावर पसरले की फोटो आपोआप गंभीर होतो. 2001 साली बंद पडलेली खाण 1901 साली बंद पडल्यासारखी दिसू लागते. जणू इथे कोणी उरलंच नाही. प्रत्यक्षात पहाटे मारिकुप्पम स्टेशनवर उभं राहा. 1894 साली खाणीसाठी टाकलेली ही छोटी शाखा, बंगारपेटहून आत येणारी. खाण गेली, गाडी राहिली, आणि अंधार असतानाच हजारो माणसं डबे घेऊन बंगळूरला कामाला निघतात, रात्री परततात. खाणकामगारांची मुलं आणि नातवंडं. फ्रेममध्ये ती येऊ नयेत म्हणून ताटकळणारा फोटोग्राफर खाणीचा फोटो काढत नाही, स्वतःच्या मनातल्या मसणवटीचा काढतो. म्हणून मी हल्ली एक पथ्य पाळतो: मनोऱ्याच्या फोटोत स्कूटर, डिश अँटेना, वाळत घातलेली साडी असं आजचं काहीतरी येऊ देतो. चौकट थोडी बिघडते. बिघडू दे.

भुसावळला कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये बसलं की परतीची चिंता जातानाच सुरू होते, ती रोल धुण्याची. वाटेत रायचूर लागतं. त्या जिल्ह्यातली हट्टीची सोन्याची खाण आजही चालू आहे, आणि जवळच्या मस्कीला 1915 साली बीडन नावाच्या खाण-अभियंत्याला तो शिलालेख सापडला ज्यात सम्राटाचं अशोक हे नाव स्पष्ट कोरलेलं आहे. सोनं शोधायला निघालेल्यांनी इतिहासाला केलेली ही सगळ्यांत मोठी मदत. पण उतरायला वेळ नसतो.

घरी रोल धुणं म्हणजे बुलढाण्याच्या उन्हाशी कुस्ती. पुस्तकं सांगतात डेव्हलपर वीस अंशांवर हवा. एप्रिलमध्ये आमच्या टाकीतलं पाणी त्याहून बारा-पंधरा अंशांनी जास्त असतं. मग घमेल्यात बर्फ टाकून त्यात बाटल्या उभ्या करायच्या, थर्मामीटर घेऊन बसायचं. फक्त डेव्हलपर गार करून चालत नाही. हायपो आणि धुवायचं पाणीही त्याच तापमानाचं हवं, नाहीतर गार-गरम बसून लेपाला सुरकुत्या पडतात आणि कोलारच्या आभाळाला भेगा जातात. अंधाऱ्या पिशवीत हात घालून रोल चक्रीवर चढवताना घामाने फिल्म चिकटते, ती ओढायची नाही, थांबायचं. शेवटचं पाणी बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग निगेटिव्हवर बसले की निघत नाहीत. वाळत घालायची जागा न्हाणीघर, तेही गरम पाणी सोडून वाफेने धूळ खाली बसवल्यावर, कारण कापसाच्या हंगामात गावात रुईचा तंतू कुठून येईल सांगता येत नाही. ओल्या निगेटिव्हवर एक तंतू बसला की मोठ्या प्रिंटमध्ये मनोऱ्याशेजारी साप उभा.

हे सगळं करून काय हाती लागतं? बारा चौकोन, त्यांतले दोन-तीन ठेवण्यासारखे. कागदावर उतरवताना सोन्याच्या टोनरमधून काढायची सोय आहे, महाग असली तरी. खाणीचा फोटो खाणीतल्याच धातूच्या पाण्यातून काढण्यात थोडी मिजास आहे, हे मान्य. पण त्याने छटा थोडी निळसर थंड होते, आणि प्रिंट टिकतो.

टिकण्याचा प्रश्न आता खाणीलाही आहे. करड्या ढिगाऱ्यांत अजून थोडं सोनं शिल्लक आहे, आणि आजच्या भावाला ते पुन्हा गाळून काढणं परवडू शकतं. 2024च्या जूनमध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने केंद्राच्या तशा प्रस्तावाला संमती दिली. काम उभं राहिलं तर धुळीने गांजलेल्या गावाला सुटकाही मिळेल, रोजगारही. ढिगारे तसेच राहावेत म्हणून फोटोवाल्यांनी उसासे टाकायचं कारण नाही. ज्यांना ते टिपायचे आहेत त्यांनी लवकर जावं, एवढंच. डिसेंबर-जानेवारी बरे, हवा थंड असते आणि सकाळचं ऊन बराच वेळ तिरपं राहतं.

आणि ज्यांना कोलारला जाणं जमणार नाही त्यांना एक विनंती. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, कुठल्याही गावात बंद पडलेला एखादा स्टुडिओ असतोच. माळ्यावर निगेटिव्हच्या पेट्या पडलेल्या असतात, आणि अशा जुन्या फिल्ममधली चांदी काढून घेणारे व्यापारी आजही आहेत. चांदीचे पैसे फार येत नाहीत. त्या पेट्यांत जिनिंगचे मजूर, यात्रा, शाळांचे ग्रुप, पाडलेले वाडे, आता हयात नसलेली माणसं आहेत. विकू नका. प्लास्टिकच्या पिशव्यांतून काढून कागदी पाकिटांत घाला, पाकिटावर पेन्सिलीने गाव आणि साल लिहा. पत्र्याखालच्या माळ्यावरून उतरवून घरातल्या सगळ्यांत गार, कोरड्या कपाटात ठेवा. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्म कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि आधी तिचं स्कॅनिंग करून घ्या.